खुब्याचा फोटो

भाऊ माणसाला आधी मागून पाहायचे. घरी कोणी आलं की नमस्कार करायचे, पाणी द्यायचे, हवापाण्याचं दोन शब्द बोलायचे. पाहुणा जायला निघाला की अंगणात हात मागे बांधून उभे राहायचे आणि तो फाटकाबाहेर पडेपर्यंत त्याच्या चालीकडे बघायचे. मग निकाल. "उजव्यावर भार देत नाई हा." किंवा, "याची कंबर पन्नाशीत जाते पाह्य." त्यांची बायको, आम्हा सगळ्यांच्या काकी, आतून ओरडायच्या, "अवो, माणूस होता तो, कुत्रं नाई!" भाऊंवर काही परिणाम नाही. म्हणायचे, "समोरून सारेच चांगले दिसतेत. मांगून पाह्याव."

माझी त्यांची ओळखही पाठीमागूनच झाली. नागभीडला एका एक्स-रे सेंटरमध्ये मी नुकतीच टेक्निशियन म्हणून लागले होते. सकाळी कुलूप उघडत होते, तर मागून आवाज आला.

"बाई, फोटो तुमीच काढता का?"

आमच्याकडे एक्स-रेला सगळे फोटोच म्हणतात. मी म्हटलं, "हो. कशाचा काढायचा?"

"खुब्याचा."

"नाव सांगा पेशंटचं."

"आलेवाही."

"ते गाव झालं, भाऊ. नाव?"

"तेच नाव हाये."

त्यांनी बाजूला सरकून दाखवलं. सायकलच्या सावलीत एक पिवळी लॅब्राडोर कुत्री जीभ बाहेर काढून बसली होती. दोन वर्षांची, अंगानं आटोपशीर, माझ्याकडे अशी बघत होती जणू तिचाच नंबर पहिला आहे.

मी सांगितलं, इथे माणसांचे फोटो निघतात. ते "बरं" म्हणाले आणि गेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा आले, नंबर घेतला आणि पेशंटच्या बाकावर बसले. त्यांचा नंबर पुकारला की उठून विचारायचे, "आज जमते का?" नाही म्हटलं की घरी. असे आठ दिवस. शेवटी आमचे सर वैतागून म्हणाले, रविवारी दुपारी सेंटर बंद असतं तेव्हा काढा. पण जनावरांचे डॉक्टर सोबत पाहिजेत, कुत्रीला गुंगीचं इंजेक्शन पाहिजे, नंतर खोली फिनाईलनं तुम्ही स्वतः पुसायची आणि कोणाला सांगायचं नाही. भाऊंनी खोली पुसली, इतकी की आमची सफाईवाली बाई दुसऱ्या दिवशी लाजली. कोणाला सांगायचं नाही हे मात्र त्यांना चहाच्या टपरीपर्यंतसुद्धा झेपलं नाही.

भाऊ रेल्वेतून निवृत्त झालेले. चाबीवाले. खांद्यावर हातोडा घेऊन रोज रुळावरून कित्येक किलोमीटर चालायचं, रूळ धरून ठेवणाऱ्या चाब्या ठोकत जायचं, ढिली असेल ती घट्ट करायची. उन्हाळा असो की पाऊस, रानडुक्कर आडवं येवो की वाघाचे पंजे दिसोत, चालणं काही चुकलं नाही. ते सांगायचे की चाबी डोळ्यानं कळत नाही, कानानं कळते. घट्ट चाबी टणकन बोलते, ढिली नुसती खोकते. "गाडी पडल्यावर तं साऱ्यायलेच समजते," ते म्हणायचे. "पडायच्या आंधी कोणाले समजते, त्याले पगार हाये."

निवृत्तीच्या आधी एका साहेबाची बदली झाली आणि तो आपली लॅब्राडोर कुत्री भाऊंकडे सोडून गेला. डेझी तिचं नाव. भाऊंना ते नाव जिभेवर बसलं नाही, तरी दुसऱ्याचं ठेवलेलं नाव म्हणून बदललं नाही. तिच्यानंतर मात्र घरात राहिलेल्या प्रत्येक कुत्रीला त्यांनी स्टेशनचं नाव दिलं. नागभीडहून चांद्याकडे, म्हणजे चंद्रपूरकडे, निघालं की जशी स्टेशनं लागतात तशी. डेझीची मुलगी तळोधी. तळोधीची मुलगी आलेवाही. आलेवाहीची सिंदेवाही. पिढीमागे एक स्टेशन. त्यांच्या बोलण्यात नवीन माणूस गोंधळूनच जायचा. "तळोधी म्हातारी झाली, पण आलेवाहीले अजून दम हाये," असं ते पोस्टात मोठ्यानं सांगायचे आणि पोस्टमास्तर चष्म्यावरून बघायचे.

आता खुब्याचं सांगते, कारण त्याशिवाय भाऊ कळणार नाहीत.

खुबा म्हणजे मांडीचं हाड जिथे कमरेत बसतं तो सांधा. कमरेला वाटीसारखी खाच असते, मांडीच्या हाडाला वर गोळा असतो. भाऊ पळसाचा द्रोण करायचे, त्यात एक पिकलेलं टेंभरू, तेंदूचं गोल फळ, ठेवायचे आणि द्रोण हलवून दाखवायचे. द्रोण खोल असला तर टेंभरू जागचं हलत नाही. उथळ असला तर घरंगळतं. लॅब्राडोरमध्ये हा उथळ द्रोण पिढीतून पिढीत येतो. पिल्लू लहान असताना काही दिसत नाही, धावतं, खेळतं, चपला पळवतं. वर्ष-दीड वर्षानं बसलं की उठताना कण्हायला लागतं. आणि ज्याला स्वतःला काही त्रास नाही अशा कुत्र्याच्याही पोटी ते येऊ शकतं. म्हणून आई आणि बाप दोघांचेही खुबे, वाढ पूर्ण झाल्यावर, फोटोत बघायचे आणि चांगले असतील तरच पिल्लं घ्यायची. एवढी साधी गोष्ट आहे. पण ती पाळणारा माझ्या माहितीत दोन जिल्ह्यांत तेव्हा हा एकच माणूस होता.

त्यांनाही ती पहिल्यापासून माहीत नव्हती. डेझीची पहिली पिल्लं त्यांनी कोणाच्यातरी रुबाबदार काळ्या कुत्र्यापासून घेतली. सगळ्यांनी वाखाणली. त्यातलं एक पिल्लू धानोऱ्याच्या एका गुरुजींनी नेलं. सव्वा वर्षानं भाऊ बसनं त्यांच्याकडे गेले, सहज, आपलं पोरगं कसं आहे बघायला. कुत्रं त्यांना पाहून शेपटी हलवायला लागलं पण उठेना. पुढचे दोन पाय टेकले, मागचं अंग ओढत वर आणलं. ओसरीच्या दोन पायऱ्या होत्या. त्या चढायला तयार नव्हतं. गुरुजींनी त्याला उचललं आणि वर नेलं.

"रोज असाच उचलतो," गुरुजी हसून म्हणाले. "लय आळशी हाये तुमचा पोरगा, भाऊ. पण जीव लावते."

एका शब्दाची तक्रार नाही. भाऊ म्हणायचे, त्यानं मले शिव्या दिल्या असत्या तं मी बसमंदी झोपलो असतो. परत येताना त्यांना झोप लागली नाही. जनावरांच्या डॉक्टरांकडे गेले, तिथे खुब्याची गोष्ट कळली. मग नागपूरला नेऊन डेझीच्या सगळ्या पिल्लांचे, जेवढी सापडली तेवढ्यांचे, फोटो काढले. एक तळोधी तेवढी ठीक निघाली. बाकीच्यांच्या मालकांना घरी जाऊन सांगितलं की याची पिल्लं घेऊ नका. एकदोघांनी हाकलून दिलं. आणि धानोऱ्याला ते महिन्यातून एकदा जात राहिले, गुरुजींच्या कुत्र्याला गावाबाहेरच्या बोडीत, म्हणजे लहान तळ्यात, पोहायला न्यायला. पाण्यात भार पडत नाही, पाय मोकळे होतात. गुरुजी काठावर टॉवेल घेऊन उभे, भाऊ छातीभर पाण्यात. ते कुत्रं गेलं तोपर्यंत हे चाललं.

त्यानंतर त्यांच्या घरी पिल्लू मिळणं म्हणजे परीक्षाच झाली. चामोर्शीचा एक ठेकेदार गाडी घेऊन आला. आपल्याकडच्या कुत्र्याचा फोटो मोबाईलवर दाखवायला लागला, गळ्यात हार घातलेला. म्हणाला, याच्याशी जोडी लावू. भाऊ म्हणाले, "तोंडाचा नोको. खुब्याचा दाखवा." तो नव्हता. मग म्हणाला, निदान एक पिल्लू तरी द्या. भाऊंनी विचारलं, घर कसं आहे? ठेकेदार फुलून सांगायला लागला, नवं बांधलं, खालीवर, संगमरवरी फरशी, तोंड दिसते पाहा त्यात.

"मंग नाई जमत."

"काऊन?"

"फरशी लय चिकनी हाये तुमची. पिल्लाचे पाय फाकतेत. वाढीच्या वयात खुबा ढिला होते."

"अहो, लोक माह्या घरी फरशी पाह्याले येतेत!"

"लोकायचे खुबे मजबूत अस्तीन."

तो माणूस गाडीत बसून गेला आणि बरेच दिवस सगळीकडे सांगत फिरला की नागभीडमध्ये एक म्हातारा आहे, त्याचं डोकं फिरलंय. भाऊंना कळलं तेव्हा म्हणाले, फिरू दे, सरकलं नाई म्हंजे झालं.

फोटोच्या आधी त्यांची स्वतःची एक तपासणी होती, आणि तिच्यापायी काकींशी रोजचं भांडण. काकी सकाळी अंगण शेणानं सारवायच्या. ते ओलं असतानाच भाऊ पिल्लांना त्यावरून सोडायचे आणि मग उकिडवे बसून ठसे वाचायचे. मागच्या दोन पायांचे ठसे एकामागे एक पडले तर ठीक. दोन्ही जवळजवळ, एकदम पडले, म्हणजे पिल्लू सशासारखं मागचे पाय जोडून उडी मारतंय, तर त्याच्यावर लक्ष ठेवायचं.

"मी सारवतो कायले मंग?" काकी विचारायच्या. "तुमाले वही पायजे म्हणून?"

"तू सारवते म्हणून तं समजते."

"अन् पाहुणे आले की म्हणतेत, या बाईच्या घरी शेणावरून कुत्रे नाचतेत."

भाऊ स्वतःच म्हणायचे की ठसा खरा पुरावा नाही, तो बिघडलेलंच सांगतो. बिघडायच्या आधीचं फोटो सांगतो. आणि फोटोसुद्धा सगळं सांगत नाही हेही ते प्रत्येकाला ऐकवायचे. "मायबाप चांगले म्हंजे पोट्टे चांगलेच, असं लिहून देत नाई मी. पण मायबाप न पाहता पोट्टे देणं, हे पाप हाये."

मी त्यांच्या घरी जायला लागले ती फोटोंमुळेच. माझ्या घरात मी पहिली कॉलेजला गेलेली. बी.एस्सी. केलं, मग एक्स-रेचा कोर्स. आमच्या गावात अजूनही मला फोटोवाली म्हणतात आणि मला ते आवडतं. भाऊंना माझ्या शिक्षणाचा आदर होता, पण तो दाखवायची रीत त्यांची होती. एकदा माझी आई मला भेटायला नागभीडला आली. भाऊ सेंटरवर होते. आई गेली तेव्हा तिच्याकडे मागून बघत राहिले आणि मला म्हणाले, "दुसऱ्याच्या कुत्र्याचे खुबे पाह्यते अन् मायचा डावा पाह्यला नाई का?" मला राग आला. पण त्या आठवड्यात आईचा फोटो काढला. चाळीस वर्षं धानाच्या बांधीत वाकून रोवणं केलेली बाई, डावा खुबा झिजला होता. ती कधी बोलली नव्हती आणि मी विचारलं नव्हतं. राग उतरला.

आता सिंदेवाहीचं.

ती भाऊंच्या सगळ्या कुत्र्यांत शहाणी. फिकट पिवळी, कानाच्या टोकांना थोडी तांबूस. दोन वर्षांची झाली तोवर आलेवाहीचं ऑपरेशन होऊन गेलं होतं, तिची आणखी पिल्लं होणार नव्हती. भाऊ सत्तरीला आले होते, गुडघे दुखत होते. म्हणजे डेझीपासून चाललेली ओळ फक्त सिंदेवाहीच्या खुब्यावर उभी होती. तो चांगला निघाला तर एक शेवटचं वेत, त्यातली एक मुलगी राजोली, म्हणजे पुढचं स्टेशन, होणार. वाईट निघाला तर भाऊंचा नियम ठरलेला. ऑपरेशन, आणि ओळ बंद. काकी एकदा म्हणाल्या, थोडासा वाईट निघाला तर? भाऊ नुसतं म्हणाले, "धानोरा."

रविवारी फोटो काढला. पद्धत अशी असते की कुत्रीला गुंगी द्यायची, पाठीवर उताणी झोपवायची, मागचे पाय सरळ, एकमेकांना समांतर ताणून बांधायचे. हातानं धरून ठेवायचं नाही, कारण किरण. अंग डावी-उजवीकडे कलू नये म्हणून दोन्ही बाजूंच्या बरगड्यांशी जड काहीतरी टेकवायचं. आमच्याकडे त्यासाठी भाऊंनीच दोन लांबट थैल्या केल्या होत्या, काकींनी शिवलेल्या, आत धान भरलेलं. प्रत्येक वेळी त्या घरून यायच्या. मी पाय जुळवले, गुडघे आत वळवले, त्यावर फार लक्ष दिलं. थैल्या भाऊंनी लावल्या, एकेक करून, नजर सिंदेवाहीच्या तोंडावर. फोटो काढला. डॉक्टरांनी तो नागपूरच्या त्यांच्या ओळखीच्या तज्ज्ञांना पाठवला.

संध्याकाळी उत्तर आलं. उजवी वाटी उथळ. पिल्लं घेऊ नयेत.

भाऊंनी ऐकलं, मान हलवली आणि विचारलं, "ऑपरेशन कवा?" डॉक्टर म्हणाले, बुधवारी करू. भाऊ सिंदेवाहीला घेऊन पायी घरी गेले. सायकल सेंटरच्या दारातच राहिली.

सोमवारी सकाळी एक म्हातारी बाई घसरून पडली म्हणून आणली. कमरेचा फोटो काढायचा होता. फोटो स्क्रीनवर आला आणि मी सवयीनं पहिल्यांदा जे बघते ते बघितलं. कमरेच्या हाडात खाली दोन भोकं असतात, डावं आणि उजवं. कोर्सच्या पहिल्याच महिन्यात आमच्या मास्तरांनी डोक्यात बसवलं होतं: दोन्ही भोकं सारखी दिसली पाहिजेत, एक गोल आणि एक चपटं दिसलं तर पेशंट तिरपा झोपलाय, फोटो परत. म्हातारीची भोकं सारखी होती. मी पुढे गेले. आणि मग हात थांबला.

काल मी सिंदेवाहीची भोकं बघितली होती का?

बाई बाहेर गेल्यावर कालचा फोटो उघडला. डावं गोल. उजवं चिंचेच्या बीसारखं चपटं. कुत्री तिरपी होती. कंबर कललेली असली की एका बाजूची वाटी उथळ दिसतेच, असली तरी आणि नसली तरी. मी पाय बघत बसले होते, कंबर बघितलीच नव्हती. घरातली पहिली शिकलेली मी आणि पहिल्या महिन्याचा धडा विसरले.

खरं सांगते, अर्धा तास मी तो फोटो बंद करून दुसरे पेशंट घेतले. दोन डॉक्टरांनी तो फोटो बघितला होता. त्यांनी काही म्हटलं नव्हतं. मी टेक्निशियन, माझी चूक मीच जाऊन सांगायची, सरांच्या कानावर गेलं तर आधीच मेहेरबानीनं चाललेलं रविवारचं काम बंद. आणि सगळं करून खुबा खरंच वाईट निघाला तर? पण बुधवारी ऑपरेशन झालं की मग परत फिरायला जागाच नव्हती. जेवणाच्या सुट्टीत मी भाऊंची सायकल घेतली आणि तिच्यावरूनच त्यांच्या घरी गेले.

भाऊ अंगणात बसले होते. सिंदेवाही त्यांच्या पायावर डोकं ठेवून पडली होती. मी उभ्याउभ्याच सांगितलं.

"भाऊ, कालचा फोटो खराब हाये. खुबा नाई, फोटो. माह्यानं चूक झाली. कुत्री तिरपी होती, अन् मी पाह्यलंच नाई."

भाऊंनी सिंदेवाहीचं डोकं पायावरून बाजूला केलं. "तिरपी कशी होईन? थैल्या होत्या ना दोहीकडून."

"होत्या. तरी कलली."

भाऊ उठले, आत गेले आणि दोन्ही थैल्या घेऊन आले. अंगणाच्या मधोमध उभे राहिले, एक थैली एका हातात, एक दुसऱ्या हातात. डोळे मिटले. मग उजव्या हातातली थैली वर झाली, अगदी हळू, आणि त्यांनी ती माझ्याकडे फेकली. मी झेलली. ती उशीसारखी हलकी होती.

"हे काऊन हलकी?" ते घराकडे बघून म्हणाले. मोठ्यानं नाही.

आतून भांड्याचा आवाज बंद झाला. काकी दारात आल्या.

"मी तूस भरलं त्याच्यात."

"तूस?"

"मंग? पाठीखाली एवढं टणक धान टोचत नसंन का तिले? मुकं जनावर, सांगते का ते? कोंबडीच्या पिल्लायले धान पायजेच होतं, ते काढलं अन् मऊ तूस भरलं. दोन्हीत भरणार होती, पण तूस एकाच थैलीपुरतं निंघालं."

भाऊंनी थैली बघितली, काकींकडे बघितलं, मग सिंदेवाहीकडे. मला वाटलं आता घर डोक्यावर घेतील. ते खाली बसले आणि खांदे हलायला लागले. रडतायत की हसतायत ते मला मागून कळेना.

"उशी केली व्हय तिच्यासाठी," ते म्हणाले. "वजनाचीच उशी केली."

"मले काय मालूम ते वजन होय म्हणून?" काकी आता चिडल्या. "सांगतलं कधी? इतके वर्सं थैल्या शिवून राह्यली मी, एक दिवस सांगतलं का कायच्यासाठी होय ते?"

भाऊंनी खरंच सांगितलं नव्हतं. मग ते माझ्याकडे वळले.

"मंग खुबा चांगला हाये?"

हो म्हणायची मला फार इच्छा झाली. पण म्हटलं, "ते मले मालूम नाई. फोटो खराब हाये, एवढंच मालूम हाये."

भाऊंनी हातातली थैली खाली ठेवली. "शिकली व्हय तू," म्हणाले आणि डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर फोनवर तडकले, ते मला तीन हातांवरून ऐकू येत होतं. पण मी दुपारी दोन्ही भोकांभोवती गोल काढून फोटो त्यांना पाठवला तेव्हा थोड्या वेळानं त्यांचंच उत्तर आलं. बरोबर आहे, परत काढू. सरांनाही मी स्वतःच सांगितलं. ते रागावले, पण रविवार बंद केला नाही.

पुढचा रविवार. काकी पहिल्यांदाच सेंटरवर आल्या. दोन्ही थैल्या त्यांनी स्वतः नव्यानं भरल्या होत्या, एकाच पायलीनं मोजून, आणि मला देण्याआधी आपल्या हातांत तोलून बघितल्या. मग भाऊंच्या हातांत दिल्या. मग माझ्या. डॉक्टर म्हणाले, आता मलाही द्या एकदा. सिंदेवाही उताणी झोपली. पाय बांधले, गुडघे वळवले. मी तिच्या डोक्याशी जाऊन बघितलं, मग पायांशी येऊन बघितलं, मग पुन्हा डोक्याशी. सगळे बाहेर. बटण दाबलं.

स्क्रीनवर आधी दोन भोकं. दोन्ही गोल. मग मी वर बघितलं. दोन खोल द्रोण आणि त्यांत घट्ट बसलेली दोन टेंभरं.

फोटो वाचणं माझं काम नाही, आणि एकदा घाईचा निकाल बघून झाला होता. नागपूरहून उत्तर यायला पाऊण तास लागला. तेवढा वेळ काकी फरशीवर बसून गुंगीतल्या सिंदेवाहीचं डोकं मांडीवर घेऊन होत्या, भाऊ पेशंटच्या बाकावर, डोळे मिटून. डॉक्टरांचा फोन वाजला. ते ऐकत राहिले आणि मग अंगठा वर केला.

"दोन्ही चांगले. मजेत पिल्लं घ्या म्हणतात."

भाऊ उठले, बाहेर नळावर गेले आणि तोंड धुवायला लागले. पाणी घेतात, तोंडावर मारतात, पुन्हा घेतात. इतका वेळ की शेवटी काकींनी आतून विचारलं, "टाकी रिकामी करता का सेंटरची?" आम्ही सगळे एकदम हसलो, त्या आठवड्यात पहिल्यांदा. डॉक्टर सगळ्यांत जास्त.

सिंदेवाहीला सहा पिल्लं झाली. बापाचा खुबा आधीच बघितलेला, हे सांगायला नको. त्यातली सगळ्यांत शांत मुलगी राजोली. ती भाऊंनी ठेवायची, असं ठरलेलंच होतं. पण पिल्लं दोन महिन्यांची झाली तेव्हा भाऊ-काकींच्या मुलीनं हट्ट धरला की आता दोघांनी चंद्रपूरला तिच्याकडे राहायचं. काकींचं वय झालं होतं, भाऊंचे गुडघे गेले होते. भाऊ एकदा जाऊन घर बघून आले. आल्यावर अंगणाच्या जमिनीवरून हात फिरवत बसले.

"काय झालं?" मी विचारलं.

"फ्लॅट हाये. साऱ्या घरात फरशी. तोंड दिसते त्याच्यात."

मी म्हटलं, "मग चटया टाका."

"मी त्या ठेकेदाराले चटया टाक म्हणलं होतं का?"

नियम तो नियम. सिंदेवाही मोठी, सावकाश चालणारी, ती त्यांच्यासोबत गेली. राजोलीसाठी ते घर शोधत राहिले आणि एका रविवारी आमच्या गावी आले. आमच्या घरी तेव्हा फरशी नव्हती. शेणानं सारवलेली खरखरीत जमीन, ओसरीला पायरी नाही, मागे बांधी. कॉलेजात असताना मैत्रिणींना घरी आणायची मला लाज वाटायची ती याच जमिनीपायी. भाऊंनी चप्पल काढून तळपाय घासून बघितला. आई काठी टेकत चहा घेऊन आली. तिच्या हातातून कप घेताना त्यांनी तिच्या डाव्या पायाकडे बघितलं आणि मग पिल्लू पिशवीतून काढून खाली सोडलं. "इथी राह्यते हे," म्हणाले.

गेल्या महिन्यात राजोली दोन वर्षांची झाली. आता घर बांधलंय मी, पण फरशी खरखरीतच टाकली, मिस्त्री हसला तरी. रविवारी डॉक्टर सेंटरवर आले. थैल्या मीच भरल्या, धानानं, आणि दोन्ही हातांत धरून डोळे मिटून बघितल्या. फोटो नागपूरला गेला, उत्तर आलं, आणि मी चंद्रपूरला फोन लावला.

"भोकं?" भाऊंचा पहिला शब्द.

"सारखी."

"थैल्या?"

"दोन्ही धानाच्या. दोन्ही चांगले हायेत खुबे, भाऊ. नागपूरवाले म्हणाले."

पलीकडून काकींचा आवाज, "काय म्हणते, काय म्हणते?" आणि भाऊंचा, "थांब ना."

"बाई, कशी चालते ते?"

"अजून गुंगीत हाये. झोपली."

"मंग उठेपावतर फोन चालू ठेव."

मी फोन फरशीवर ठेवला. डॉक्टर सामान आवरून गेले. चंद्रपूरहून टीव्हीचा आवाज येत होता, तो कोणीतरी बंद केला. दहा-पंधरा मिनिटांनी राजोलीनं डोकं उचललं, जांभई दिली, पुढचे पाय टेकले आणि मागचे दोन एकामागे एक सरळ खाली घेऊन उभी राहिली. ती बाकाला वळसा घालून पाण्याच्या भांड्याकडे चालत गेली. रिकाम्या खोलीत नखं फरशीवर वाजत होती, टक, टक, टक, टक.

"हं," फोनमधून भाऊ म्हणाले. "चारही पाय वाजून राह्यले. ठेव आता."